जुना रिपोर्ट टाकून देऊ नका

प्रति,
संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मे महिन्यात आणि गणपतीला चाकरमानी गावी आले की आईवडिलांची 'फुल बॉडी' करून घ्यायची आता रीतच पडली आहे. सकाळी लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन जातो, रात्री मोबाइलवर पंधरा-वीस पानांची पीडीएफ येते आणि तिच्यात एखादा आकडा ठळक किंवा लाल असतोच. बहुतेक वेळा तो व्हिटॅमिन डीचा असतो आणि दोन दिवसांत विसरला जातो. कधी मात्र तो प्लेटलेटचा असतो, सहा लाख बारा हजार; किंवा हिमोग्लोबिनचा, १७.८. मुंबईचा भाचा तो आकडा इंटरनेटवर टाकून बघतो, समोर 'रक्ताचा कर्करोग' हे शब्द येतात आणि घरादाराची झोप उडते. पुढची तपासणी मुंबईला, पुण्याला नाहीतर गोव्यात बांबोळीला. तिचा निकाल यायला दोन-तीन आठवडे. या मधल्या दिवसांत रिपोर्ट वाचताना काय चुकते आणि हाताशी असलेले काय वाया जाते, त्याबद्दल हे पत्र आहे. लांबले आहे. जागा असेल तसे छापावे.

आधी आजार कोणते ते सांगतो. हाडातल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्तपेशी तयार होतात. तिथल्या एखाद्या मूळ पेशीत जनुकाचा बिघाड होतो आणि पेशी बनवायची आज्ञा थांबतच नाही. तांबड्या पेशी वाढल्या तर पॉलिसायथेमिया व्हेरा, प्लेटलेट वाढल्या तर इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया, आणि मगजात तंतू साचून तो घट्ट होत गेला तर मायलोफायब्रोसिस. हे तिन्ही एकाच कुळातले, हे विल्यम डॅमेशेक यांनी १९५१ साली मांडले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ च्या वर्गीकरणात त्यांच्या नावातला 'डिसीज' शब्द काढून 'निओप्लाझम' घातला. त्यामुळे एका डॉक्टरने 'रक्ताचा विकार' म्हटले आणि दुसऱ्याने 'एक प्रकारचा कॅन्सर' म्हटले, तर दोघेही एकाच आजाराबद्दल बोलत असतात. सिनेमातला रक्ताचा कॅन्सर बहुधा तीव्र ल्युकेमिया असतो. त्याची चाल निराळी. इथे आजार सावकाश चालतो, पहिले दोन आजार असलेली माणसे उपचार घेत वर्षानुवर्षे शेतीवाडी सांभाळतात. म्हणूनच निदानाला लागणारे तीन आठवडे बहुतेकांना परवडतात. कुणाला परवडत नाहीत ते पुढे सांगितले आहे.

आता तो लाल आकडा. सर्वांत आधी त्याच्या पुढचे एकक बघा. एक लॅब प्लेटलेट '६.१२ लाख' छापते, दुसरी '६१२' छापून शेजारी 'हजार प्रति मायक्रोलिटर' लिहिते. दोन्ही एकच. मागच्या वर्षी ३.१ होते आणि आता ६१२ झाले म्हणून हादरलेली घरे आहेत. खरी वाढ तीन लाखांवरून सहा लाखांवर आहे, दोनशे पट नव्हे. पांढऱ्या पेशींचेही तसेच: ९.८ आणि ९८०० यांत फरक काही नाही.

त्यानंतर टक्के. पांढऱ्या पेशींच्या पाच जातींचे टक्के छापलेले असतात आणि लाल खूण बहुधा तिथेच पडते. लिम्फोसाइट ५५ टक्के वाचून घाबरण्याआधी एकूण पेशी किती ते बघा. एकूण ३५०० असतील तर त्याचे ५५ टक्के १९२५ होतात आणि ते नेहमीच्या मर्यादेत बसतात. इथे लिम्फोसाइट वाढलेले नाहीत, दुसरी जात कमी झाली आहे. पावसाळी तापानंतर असे दिसते. उलट इओसिनोफिल १२ टक्के आणि एकूण पेशी ९०००, तर १०८० होतात. ते खरोखर जास्त आहेत. पण आपल्याकडे त्याचे पहिले कारण जंत, दुसरे दमा-ॲलर्जी. कॅन्सर यादीत फार खाली. रिपोर्टात 'ॲब्सोल्यूट' या शब्दापुढचा आकडा हाच खरा.

'नॉर्मल' मर्यादा कशी ठरते हेही लोकांना कुणी सांगत नाही. निरोगी माणसांपैकी ९५ टक्के लोक ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा छापतात. म्हणजे शंभरातले पाच धडधाकट लोक प्रत्येक तपासणीत पट्ट्याबाहेर पडणारच. साठ-सत्तर तपासण्यांचे पॅकेज घेतले तर सगळे काळ्या शाईत येणे हेच नवल. अशा पॅकेजांचा आम्हाला फारसा पुळका नाही, पण ती होतात हे खरे आहे.

सहा लाख प्लेटलेटचे सर्वांत मोठे कारण कॅन्सर नाही. अंगात लोह कमी असले की प्लेटलेट वाढतात. मूळव्याधीतून रोज थोडे रक्त जात असेल, बाईची पाळी जास्त जात असेल, चिखलात अनवाणी काम करून अंकुशकृमी पोटात गेले असतील, तर लोह संपत जाते. न्यूमोनिया, गळू, सांध्यांची सूज, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांनीही त्या चढतात आणि कारण गेले की काही आठवड्यांत उतरतात. प्लीहा काढलेली असेल तर कायम चढ्या राहू शकतात. म्हणून जनुकाच्या महाग तपासणीआधी फेरिटिन आणि सीआरपी या दोन तपासण्या होतात. त्या एकत्रच वाचायच्या. फेरिटिन लोहाचा साठा दाखवते आणि सीआरपी अंगातली सूज, पण सूज असली की फेरिटिनही फुगते. सीआरपी वाढलेले आणि फेरिटिन 'नॉर्मल', तर लोह पुरेसे आहे असे म्हणता येत नाही.

वाढलेल्या हिमोग्लोबिनचीही अशीच साधी कारणे आहेत. विडी-सिगारेट. झोपेत घोरताना श्वास अडकणे. मे महिन्यात दिवसभर उन्हात राबून पाणी न पिता दिलेला नमुना. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या. आणखी एक कारण आहे, ते पटकन लक्षात येत नाही: मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) थोडे वर जाते. हे वाचून गोळी बंद करू नका. ती चालू आहे एवढे रक्ताच्या डॉक्टरांना सांगा. रक्त घेताना दंडाला पट्टा मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळून ठेवला तरी आकडा वर सरकतो. शीर सापडत नसेल तर पट्टा सोडून दुसरा हात बघावा.

आता कोकणातली खास अडचण. इथे नमुना दुपारी चार वाजता घेतला जातो, कुरिअरच्या पिशवीतून रातराणीने मुंबईला जातो आणि दुसऱ्या दिवशी दहा-अकराला मशीनवर चढतो. त्या अठरा-वीस तासांत जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या तांबड्या पेशी पाणी ओढून फुगतात. मशीन बहुधा हिमॅटोक्रिट, म्हणजेच काही रिपोर्टांतला 'पीसीव्ही', थेट मोजत नाही. तांबड्या पेशींची संख्या गुणिले पेशीचा सरासरी आकार, म्हणजे 'एमसीव्ही', भागिले दहा, असा हिशोब करते. समजा पुरुषाच्या तांबड्या पेशी ५.२ दशलक्ष आणि एमसीव्ही ९०. पीसीव्ही आला ४६.८. तीच नळी रात्रभर गरम डिकीत राहून एमसीव्ही ९६ झाले, तर पीसीव्ही होतो ४९.९. पॉलिसायथेमियाची शंका घ्यायची पुरुषांची रेघ ४९ आहे, बायकांची ४८. माणूस आहे तिथेच, नळी प्रवास करून रेघ ओलांडून आली. हे ओळखायला एक खूण आहे: हिमोग्लोबिन बदलत नाही, पण 'एमसीएचसी', म्हणजे तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिनचे दाटपण, खाली उतरते. वरच्या उदाहरणात हिमोग्लोबिन १५.६ असेल तर एमसीएचसी ३३.३ वरून ३१.३ वर येते. म्हणून निदान लागेपर्यंत हिमोग्लोबिनवर जास्त भरवसा ठेवावा (तिथे रेघ पुरुषांना १६.५, बायकांना १६) आणि सीबीसी (रक्तपेशींची ही मोजणी) गावातल्या किंवा तालुक्याच्या लॅबमध्ये, नमुना घेतल्यापासून चार-सहा तासांत करून घ्यावी. जनुकाच्या तपासणीचा नमुना खुशाल मुंबईला जाऊ दे, तो प्रवास सोसतो. सीबीसी सोसत नाही.

काचपट्टीवरचा स्मिअर, म्हणजे रक्ताचा पातळ थर, हाही असाच नाजूक. नळीत फार तास राहिलेल्या रक्ताचा स्मिअर केला तर पेशींचे आकार बिघडतात आणि नसलेली विकृती दिसू लागते. रक्त घेतल्यावर दोन तासांच्या आत दोन काचपट्ट्या ओढून, हवेत वाळवून, नाव घालून नळीबरोबर पाठवायला तंत्रज्ञाला दोन मिनिटे लागतात. ते काम सांगून करून घ्यावे. मायलोफायब्रोसिसची पहिली चाहूल बऱ्याचदा तिथेच लागते: अश्रूच्या थेंबासारख्या तांबड्या पेशी, आणि मगजाबाहेर एरवी न येणाऱ्या कोवळ्या पेशी.

स्मिअर उलट्या बाजूनेही कामी येतो. प्लेटलेट ३८ हजार असा रिपोर्ट येतो आणि माणूस तर ठणठणीत, हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर डाग नाहीत. काही लोकांच्या प्लेटलेट जांभळ्या नळीतल्या रसायनाने एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या गुठळीला प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. काचपट्टीवर गुठळ्या दिसतात. निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घेऊन, आलेल्या आकड्याला १.१ ने गुणले की बहुधा खरी संख्या मिळते. नळीतल्या पातळ औषधामुळे रक्त दहाव्या हिश्श्याने पातळ होते, म्हणून गुणायचे. साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार एका काचपट्टीने टळतो.

पोटॅशियमचा घोटाळा कमी ठिकाणी होतो, पण झाला की धावाधाव होते. प्लेटलेट बारा लाख आहेत आणि त्याच रिपोर्टात पोटॅशियम ६.२, म्हणजे हृदय बंद पडण्याची भीती. नळीत रक्त गोठताना प्लेटलेटमधले पोटॅशियम बाहेर पडते. ते अंगात नसते, नळीत असते. हिरव्या झाकणाच्या हेपरिन नळीत, न गोठू देता पुन्हा मोजले की कळते. ही खात्री दवाखान्यात, ईसीजी बघूनच करायची, घरी बसून नव्हे. एलडीएच या पेशींतल्या रसायनाच्या तपासणीचेही तसेच. गोठलेल्या रक्तावरचा सिरम वेळेत वेगळा केला नाही तर पेशी फुटून एलडीएच वाढलेले दिसते. त्यासाठी नळी जशीच्या तशी न पाठवता, सिरम काढून पाठवावा.

हे सगळे पाहिल्यावर कळेल की एका रिपोर्टावर काही ठरत नाही. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. इथेच जुन्या रिपोर्टाची किंमत आहे, आणि नेमका तोच सापडत नाही. गेल्या महिन्यापर्यंत प्लेटलेट २.८ लाख आणि न्यूमोनियानंतर सहा लाख, ही एक गोष्ट. २०१९ मध्ये ५.१, २०२२ मध्ये ५.७, आता ६.१, ही अगदी वेगळी गोष्ट. पाच-सहा वर्षे कुठलीही सूज किंवा लोहाची टंचाई टिकून राहिली नसेल तर मगजाकडेच बघावे लागते. आणि त्यातच एक दिलासाही असतो: पाच वर्षे आजार अंगात होता आणि माणूस पोफळीच्या बागेत शिंपणे करत होता.

जुने रिपोर्ट कुठे सापडतात? मोतीबिंदूच्या किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी सीबीसी झालेली असते. बाळंतपणाच्या फाइलीत असते. विमा काढताना झालेली असते. रत्नागिरी-रायगडकडचे जे लोक जहाजावर नोकरीला होते किंवा आखातात होते, त्यांची तर दर कराराआधी वैद्यकीय तपासणी झालेली असते, आणि ती फाइल सर्टिफिकेटांबरोबर पत्र्याच्या पेटीत जपलेली असते. ती उघडा. ज्या लॅबमध्ये पूर्वी रक्त दिले तिथे नाव आणि साधारण महिना सांगितला तर संगणकातून जुना रिपोर्ट पुन्हा काढून मिळू शकतो. हिमोग्लोबिन, पीसीव्ही, तांबड्या पेशी, एमसीव्ही, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एवढे सहा आकडे तारखेनिशी एका वहीच्या पानावर उतरवा. असे पान हातात मिळाले की डॉक्टरांचे अर्धे काम झालेले असते.

तांबड्या पेशी आणि एमसीव्ही का लिहायचे, ते सांगतो. एका पुरुषाचा असा रिपोर्ट कल्पा: हिमोग्लोबिन १५.८, पीसीव्ही ४८.३. दोन्ही रेघेच्या आत, सगळे काळ्या शाईत. पण तांबड्या पेशी ७.१ दशलक्ष आणि एमसीव्ही ६८. पेशी फार, पण प्रत्येक बारकी. बारक्या पेशी पाहून कुणी 'लोह कमी' म्हणून लोहाच्या गोळ्या देतो, कुणी 'थॅलेसेमिया मायनर' म्हणतो. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी बारक्या आणि जास्त असतात हे खरे, पण तिथे हिमोग्लोबिन सहसा थोडे खालीच असते, १५.८ पर्यंत चढत नाही. शिवाय प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशीही जास्त असतील तर हा लोहाच्या टंचाईमागे दडलेला पॉलिसायथेमिया असू शकतो. मगज इतक्या पेशी बनवतो की लोह पुरत नाही. लोहाची टंचाई इथे लगामासारखी काम करते. गोळ्या दिल्या की लगाम सुटतो, हिमोग्लोबिन अठरा-एकोणीसवर जाते आणि रक्त गोठून अपघात होऊ शकतो. कोकणात लोहाच्या गोळ्या पानपट्टीच्या चुन्याइतक्या सहज खाल्ल्या जातात. ज्यांचे निदान चालू आहे त्यांनी त्या, आणि लोह घातलेली टॉनिके, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पुढची पायरी जनुकाची. 'जॅक-२ व्ही६१७एफ' हा बिघाड २००५ साली सापडला. जॅक-२ प्रथिनातल्या ६१७ व्या जागी व्हॅलिनऐवजी फेनिलअलॅनिन येते, बिघाड एवढाच, पण त्यामुळे 'पेशी बनवा' हा निरोप चालूच राहतो. पॉलिसायथेमिया व्हेराच्या शंभरातल्या पंचाण्णव रुग्णांत तो असतो. उरलेल्या बहुतेकांत त्याच जनुकाच्या एक्झॉन १२ या भागात बिघाड असतो, तो वेगळा तपासावा लागतो. बाकीच्या दोन आजारांत मात्र जॅक-२ निम्म्याहून थोड्या जास्त लोकांतच सापडतो. राहिलेल्यांत सीएएलआर (हा २०१३ मध्ये कळला) आणि एमपीएल ही जनुके बघतात, आणि दहा-पंधरा टक्क्यांत तिन्ही नसतात. म्हणजे प्लेटलेट जास्त असताना 'जॅक-२ नॉट डिटेक्टेड' आले तर सत्यनारायण घालायची घाई नको. तपासणी अजून संपलेली नाही. पांढऱ्या पेशीही वाढल्या असतील तर बीसीआर-एबीएल ही तपासणी करून क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा पांढऱ्या पेशींचा कॅन्सर आधी बाजूला काढतात. त्याची औषधे अगदी वेगळी आहेत, आणि चांगली आहेत.

'डिटेक्टेड' आले तर शेजारी टक्का लिहिला आहे का बघा. बिघडलेल्या जनुकाचा हिस्सा किती, ते तो सांगतो. ३५ टक्के आणि ०.३ टक्के यांचा अर्थ एक नाही. अगदी अल्प प्रमाणात हा बिघाड वय झालेल्या, आजार नसलेल्या लोकांतही सापडतो. तपासणी कोणत्या पद्धतीने केली हेही रिपोर्टाच्या तळाशी बारीक अक्षरात असते. सॅंगर सिक्वेन्सिंग असेल तर पंधरा-वीस टक्क्यांखालचा बिघाड तिच्यातून निसटू शकतो. पीसीआरची चांगली पद्धत एक टक्क्यापर्यंत किंवा त्याखालीही पकडते. पैसे भरायच्या आधी विचारायचा प्रश्न हा आहे.

नमुना पाठवताना: जांभळी नळी, साधारण तीन मिलिलिटर, झाकण लावून आठ-दहा वेळा अलगद उलटसुलट केलेली. दोन ते आठ अंशांत ठेवायची. मासळीच्या थर्मोकोल पेटीत थेट बर्फावर ठेवू नका, फ्रीझरमध्ये तर नकोच. रक्त गोठून बर्फ झाले की पेशी फुटतात आणि नमुना परत येतो. जेल पॅकला वर्तमानपत्र गुंडाळून मग नळी ठेवावी (हाही आपल्या पेपरचा एक उपयोग). जॅक-२ ची नळी अशी दोन-तीन दिवस टिकते. बीसीआर-एबीएलसाठी आरएनए लागते, ते लवकर नासते, म्हणून ती शक्यतो चोवीस तासांत पोचवावी. शुक्रवारी संध्याकाळी अशी नळी पाठवणे म्हणजे पैसे बुडवणे. एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी बनवायला सांगणारे संप्रेरक) तपासायचे असेल तर उपचार म्हणून एकदाही रक्त काढून टाकण्याच्या आधी तपासावे. पॉलिसायथेमिया व्हेरात ते कमी असते, विडी किंवा फुप्फुसाच्या आजाराने हिमोग्लोबिन वाढले असेल तर सहसा कमी नसते. नळीवर, फॉर्मवर आणि आधार कार्डावर नाव एकच हवे. बायकांच्या बाबतीत एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव असल्याने नमुना अडकून पडतो. फॉर्मवर चालू औषधेही लिहावीत, विशेषतः पेशी कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया सुरू झाले असेल तर. त्याने एमसीव्ही वाढते आणि मगजाचे चित्रही बदलते.

बोन मॅरो, म्हणजे मगजाची तपासणी, म्हटले की घरात रडारड होते, कारण 'मणक्यातले पाणी काढणार' असा समज असतो. ती तपासणी वेगळी. मगज कमरेच्या मागच्या हाडातून काढतात. मणक्यातून नाही. त्याने पाय लुळे पडत नाहीत. कुशीवर झोपवून कातडी आणि हाडावरचा पडदा भूल देऊन बधिर करतात. हाडाच्या आतला भाग बधिर होत नाही, म्हणून सिरिंज ओढली की दोन-चार सेकंद मांडीपर्यंत ओढ बसल्यासारखी कळ येते. ती येणार हे आधी सांगितलेले बरे. आधी थोडा पातळ मगज काढतात, त्याचा पहिला अर्धा मिलिलिटर काचपट्ट्यांसाठी ठेवतात कारण पुढच्यात रक्त मिसळते. मग सुमारे दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा हाडाचा तुकडा. सगळे अर्ध्या तासात होते. नंतर दहा मिनिटे दाब, काही वेळ उताणे पडून राहणे, एक दिवस पट्टी कोरडी ठेवणे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे. कधी सिरिंजमध्ये काहीच येत नाही. मगजात तंतू साचले असतील तर तो ओढला जात नाही. दरवेळी डॉक्टरचा हात खराब असतो असे नाही. तेव्हा हाडाचा तुकडा काचपट्टीवर टेकवून ठसे घेतात. तुकडा मात्र पुरेसा लांब हवा. पाच मिलिमीटरच्या तुकड्यावर पॅथॉलॉजिस्ट ठाम काही लिहू शकत नाही आणि सगळे पुन्हा करावे लागते.

काचपट्ट्यांचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो. हाडाचा तुकडा आम्लात मऊ करून मगच कापता येतो, म्हणून त्याला आठ-दहा दिवस. गुणसूत्रांच्या तपासणीत पेशी जिवंत ठेवून वाढवाव्या लागतात, तिला दोन-तीन आठवडे. निकाल असे तुकड्या-तुकड्याने येतात आणि पहिला तुकडा बघून लोक निष्कर्ष काढतात. त्यातली दोन वाक्ये फार छळतात. 'हायपरसेल्युलर' म्हणजे वयाच्या मानाने मगजात पेशी जास्त. शंभरातून वय वजा केले की साधारण किती टक्के असाव्यात ते कळते. साठीच्या माणसाच्या मगजात ८० टक्के पेशी म्हणजे जास्त, विशीतल्या मुलाला तेवढ्या असायच्याच. दुसरे 'एमएफ-१'. हे वाचून मायलोफायब्रोसिस झाला असे समजतात. एमएफ-० ते एमएफ-३ या मगजातल्या तंतूंच्या पायऱ्या आहेत, आजाराचे नाव नाही. ० म्हणजे तंतू वाढलेले नाहीत. 'सजेस्टिव्ह ऑफ' म्हणजे 'तसे वाटते', 'क्लिनिकल कोरिलेशन' म्हणजे 'रुग्ण बघून ठरवा'. पॅथॉलॉजिस्टने हात झटकलेले नसतात. इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया आणि मायलोफायब्रोसिसची सुरुवातीची पायरी या दोन्हींत प्लेटलेट सारख्याच वाढतात आणि जनुकेही तीच असतात. फरक मगजातल्या मोठ्या पेशींच्या रूपावरून करावा लागतो, आणि पुढची वाटचाल त्या फरकावर अवलंबून असते. इथे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला काचपट्ट्या दाखवाव्याशा वाटल्या तर खुशाल मागून घ्याव्यात. काचपट्ट्या आणि ब्लॉक (मेणात बसवलेला हाडाचा तुकडा), दोन्ही.

वाट बघण्याच्या दिवसांत काय करू नये? प्लेटलेट दहा लाखांवर गेल्या असतील तर स्वतःहून ॲस्पिरिन सुरू करू नये. इतक्या प्लेटलेट असल्या की रक्त थांबवणारा व्हॉन विलेब्रांड घटक कमी पडू शकतो आणि रक्त गोठण्याऐवजी वाहते. पपईच्या पानांचा रस प्लेटलेट वाढाव्यात म्हणून पितात. आपल्या तर आधीच वाढलेल्या आहेत, हे 'ॲबनॉर्मल' एवढाच शब्द वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. हिमोग्लोबिन जास्त म्हणून रक्तदान शिबिरात जाऊन बाटली देऊन येऊ नये. ते रक्त कुणाला तरी चढवायचे असते, आणि तुमच्या तपासण्यांचे चित्रही पुसट होते. निदान झाल्यावर डॉक्टर रक्त काढतात ते मोजून, पीसीव्ही ४५ च्या खाली राहील असे. अंघोळीनंतर अंगभर खाज, तळहात-तळपाय लाल होऊन भाजणे, डाव्या बरगडीखाली जड वाटून दोन घासांत पोट भरणे, रात्री घाम, वजन उतरणे, यातले काही असेल तर त्याच वहीत लिहावे. लोक हे सांगतच नाहीत. अंघोळीच्या खाजेचा आणि रक्ताचा संबंध कुणाला सुचणार?

आणि ज्यांनी वाट बघायची नाही ते. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, मग ते दहा मिनिटांत बरे झाले तरी. छातीत दुखणे, अचानक धाप लागणे. एकच पाय सुजून दुखणे. एका डोळ्याने अचानक दिसेनासे होणे. पोटात जोराची कळ आणि पोट फुगत जाणे. काळी शी. पांढऱ्या पेशी फार कमी असताना ताप. यातले काहीही झाले तर जवळच्या मोठ्या दवाखान्यात त्याच घटकेला जायचे आणि रक्ताच्या आजाराची तपासणी चालू आहे हे दारातच सांगायचे. रिपोर्टात 'ब्लास्ट' (अगदी कोवळ्या पेशी) हा शब्द दिसला तर तीन आठवड्यांनंतरची तारीख घेऊन घरी बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

लॅबवाल्यांना, म्हणजे आम्हा सर्वांनाच, एक सांगणे आहे. नमुना घेतल्याची वेळ आणि मशीनवर चढवल्याची वेळ, दोन्ही रिपोर्टावर छापाव्यात. फक्त 'रिपोर्टेड ऑन' छापून काय उपयोग? आकडा वेडावाकडा आला की स्मिअर डोळ्यांनी बघून 'स्मिअर पाहिला, प्लेटलेटच्या गुठळ्या नाहीत' एवढी ओळ लिहावी. आणि पीडीएफ पाठवताना त्याच रुग्णाचा मागचा आकडा शेजारच्या रकान्यात द्यावा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते, चालू केलेली नसते.

आपले,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील काही पॅथॉलॉजिस्ट, फिजिशियन आणि लॅब टेक्निशियन